तीन पानांची करंडी

सीताफळाचे डोळे यंदा नवरात्राच्या आधीच उघडले. परवा सुनेनं डोंगरावरून आलेलं टोपलं ओसरीवर ठेवलं आणि म्हणाली, "मामा, बघा बरं, आज खायचं कोणतं आन उद्याचं कोणतं." मी एक उचललं, देठापाशी अंगठा लावला आणि ठेवून दिलं. म्हणलं, "मला न्हाई कळत. कळत होतं ती गेली." सून गपचूप टोपलं उचलून आत गेली. तिला वाटलं मी रागावलो. मी रागावलो नव्हतो, खरं तेच बोललो होतो. माझ्या तोंडून साधं बोलणंही ठोसा मारल्यासारखं निघतं, त्याला आता या वयात काय करणार.

बायकोला जाऊन दिवाळीला वर्ष होईल. भेटायला येणारे तिच्या आजारपणाचं विचारतात. मला आजारपण फारसं आठवत नाही. आठवतो तो सीताफळाचा एक मोसम, दुष्काळातला, चाळीस वर्षं होत आली त्याला. दोन महिन्यांचा मोसम. त्या दोन महिन्यांत मी एक दिवस आड रात्री पुण्यात होतो, आणि पुणं मी कधी बघितलं नाही. बघितलं ते बंद शटरांचं पुणं. पुढं एकदा मुलानं दिवसा नेलं, तर मला एक कोपरा ओळखता येईना. जिथं मी हिरवं शटर आणि त्याच्यासमोर झोपलेला पांढरा कुत्रा बघत आलो, तिथं चपलांचं दुकान होतं म्हणे. मी मुलाला म्हणलं, हे गाव माझं नाही, माझं रात्री लागतं.

त्या साली मृगात दोन दिवस पाणी आलं आणि पाहुण्यासारखं उंबऱ्यावरूनच परत गेलं. ज्वारी गुडघ्याला लागली न लागली तोच पिवळी पडली. आमच्याकडची निम्मी माणसं दरसाल दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला जायची, बैलगाड्या जुंपून, कोंबड्या बांधून. त्या वर्षी श्रावणात उचल, म्हणजे आगाऊ पैसे, वाटायला येणारा मुकादमच आला नाही. तिकडचा ऊसही वाळला होता. मग सगळी गावातच राहिली आणि सरकारनं काढलेल्या रस्त्याच्या कामावर खडी फोडायला बसली. बायका रांगेनं बसायच्या, डोक्यावरून पदर, हातात हातोडी. लांबून बघितलं की वाटायचं, डोंगराच्या पायथ्याला शेकडो सुतारपक्षी बसलेत. जवळ गेल्यावर तसं काही वाटत नसे.

सीताफळ मात्र बेशरम झाड. त्याला कुणी पाणी घालत नाही, खत घालत नाही, शेळीसुद्धा त्याच्या पानाला तोंड लावत नाही. खडकाच्या फटीत उभं राहतं. सगळं वाळलं तेव्हा तेच तेवढं हिरवं होतं. फळ बारीक धरलं, मुठीएवढं, पण धरलं. आमच्या डोंगरावरच्या पाच वाड्यांनी मिळून फळांची एक सोसायटी काढली होती. ऑफिस म्हणजे पत्र्याची एक खोली, आणि मालमत्ता म्हणजे एक जुनी ट्रक. तिचा ड्रायव्हर मी. चौथी शिकलेल्याला त्याहून मोठं काय मिळणार. चेअरमन आबा आमच्याच वाडीचे. तालमीत घुमलेला माणूस, कानात सांगायची गोष्टही चावडीवर ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचे.

माल रात्रीच न्यायचा, त्याला दोन कारणं. एक म्हणजे दिवसा मोठ्या गाड्यांना शहरात येऊ देत नसत. आणि दुसरं, सीताफळाला ऊन लागलं की ते वाटेतच पिकतं. संध्याकाळी सातला निघालं की रात्री दोनच्या सुमाराला पुण्यात. मग दोन ते पाच माझं वाटप. आडत्याकडे आम्ही जात नव्हतो. सरळ हातगाडीवाल्यांना, टोपलीवाल्या बायकांना माल पोचवायचा, जो जिथं झोपलाय तिथं जाऊन. चौदा ठिकाणं होती. कुणी पुलाच्या जिन्याखाली, कुणी दवाखान्याच्या भिंतीला, कुणी मंडईच्या ओट्यावर. गाडीचा हॉर्न वाजवायचा नाही, लोक झोपलेले असतात. मी खाली उतरून गाडीच्या मागच्या फाळक्यावर तीनदा थाप मारायचो. अंधारातून आवाज यायचा, "आले का बीडवाले?"

आता खरी गोष्ट ती करंड्यांची. फळ झाडावरून उतरवतात तेव्हा सगळं सारखंच कडक असतं. पण एक आज संध्याकाळी पिकतं, एक उद्या, एक परवा. दुकानदाराला हे आधी कळलं पाहिजे. नाही कळलं तर एके दिवशी त्याच्याकडे गिऱ्हाइकाला द्यायला पिकलेलं फळ नाही, आणि दुसऱ्या दिवशी सगळी टोपली लोळागोळा. हे ओळखायचं काम माझ्या बायकोचं. गयाबाई तिचं नाव. मी तिला नावानं कधी हाक मारली नाही, "ऐकलं का" म्हणायचो, तेवढ्यावर ती ओ द्यायची. ती फळ डाव्या हातात घेऊन देठापाशी उजवा अंगठा टेकवायची. दाबायची नाही, नुसता टेकवायची. आणि फळ तीनपैकी एका ढिगात टाकायची. करंडी भरली की वरच्या सुतळीत सीताफळाचीच पानं खोवायची. एक पान म्हणजे आज विका. दोन पानं म्हणजे उद्या. तीन पानं म्हणजे परवापर्यंत हात लावू नका.

पानंच का, तर अंधारात वाचता येतात. पुण्यात त्या कोपऱ्यांना दिवे नव्हते. दवाखान्यासमोरचा शकूरभाई गाडीवर झोपल्या झोपल्या हात लांब करून सुतळी चाचपायचा आणि म्हणायचा, "दो पत्ती. रख दो उधर." डोळेसुद्धा उघडायचा नाही. मंडईतली हौसाआक्का, साताऱ्याकडची म्हातारी, मला दर खेपेला विचारायची, "पानं कोण लावतं रं? त्या बाईला माझा दंडवत सांग." मी घरी येऊन सांगायचो. ती वर न बघता म्हणायची, "सांगितलं? बरं." पण त्या दिवशी कालवणात जरा तेल जास्त पडायचं.

त्या दुष्काळात तिच्याकडे तेवढंच उरलं होतं. म्हैस विकली होती. सकाळपासून दुपारपर्यंत ती खडीच्या मस्टरवरची एक बाई होती, तिथला मुकादम तिला "ए तिसरी" म्हणायचा, रांगेत तिसरी बसायची म्हणून. तिथून तीनला सुटून पत्र्याच्या खोलीत निवडीला बसली की मात्र आबासुद्धा तिला विचारल्याशिवाय करंडीला हात लावत नसत. पाचही वाड्यांच्या बायका तिच्याकडे बघून हात चालवायच्या. ते जाऊ नये, एवढंच मला त्या मोसमात वाटत होतं. बाकी दुष्काळ सगळ्यांना होता.

दसऱ्याच्या आधी शकूरभाईनं पहिल्यांदा डोळे उघडले. उठूनच बसला. म्हणाला, "बीडवाले, घरवाली बीमार है क्या?"

मी म्हणलं, "कावून?"

"दो पत्ती का माल था. त्याच दिवशी सकाळी नऊला एका बाईच्या हातात फुटला. पेशंटला न्यायचं होतं बिचारीला. मला शिव्या घालून गेली."

मी म्हणलं, करंडी इंजिनाजवळ होती, गरम झाली असेल. तो म्हणाला, असेल. पण पुढच्या खेपेला तेच. हौसाआक्काकडं उलटं झालं. एका पानाची फळं दोन दिवस धोंड्यासारखी पडून. आक्कानं त्या दिवशी दंडवत मात्र सांगितला नाही.

घरी आलो. बायको चुलीपुढं बसली होती. एक निखारा बाहेर घरंगळला. तिनं तो चिमट्यानं नाही, बोटांनी उचलला आणि सावकाश परत चुलीत ठेवला. घाई नाही, झटका नाही. मी उभ्या जागी बघत राहिलो. मग म्हणलं, "हात दाखव." ती म्हणाली, "कावून? ज्योतिष शिकलात का पुण्यात?" तिनं हात दाखवला नाही, पण मला दिसायचं ते दिसलं. दीड महिना हातोडी धरून अंगठ्याचं कातडं बैलाच्या खुरासारखं झालं होतं. त्या अंगठ्याला निखारा कळत नव्हता, सीताफळाचं मऊपण काय कळणार.

तेव्हाच बोलायला पाहिजे होतं. मी तोंडाचा फटकळ म्हणून पाच वाड्यांत माहीत. आबांना तोंडावर बोललोय, मुकादमाला बोललोय. पण तिला हे सांगायची वेळ आली आणि मी गाडीचं ऑइल बघायला निघून गेलो.

मग मी एक धंदा सुरू केला. नगरच्या अलीकडे एक ढाबा लागायचा, तिथं गाडी उभी करायची, मागं चढायचं, आणि करंड्या एकेक उघडून फळं तपासायची. माझाही हात स्टेअरिंगनं मेलेला. अंगठ्यानं कळेना, म्हणून फळ गालाला लावून बघायला लागलो. गालाला कळतं. अगदीच नाही असं नाही. जे थोडं दबतं ते आजचं, दबत नाही ते परवाचं, मधलं सगळं देवाच्या भरवशावर. आणि त्याप्रमाणे तिची पानं काढून माझी पानं लावायची. ढाब्यावर दुसरे ड्रायव्हर चहा पीत बसलेले असायचे. एक जालन्याकडचा दर खेपेला ओरडायचा, "काय बे, फळाचा मुका घेतो का? घरी बायको न्हाई का तुला?" सगळे हसायचे. मीही हसायचो. गालाला सीताफळाची खरखर लागत राहायची. मागच्या ढिगाचा तो वास, कच्चा, हिरवा, थोडा औषधासारखा, अजून मला कधीकधी उशीला येतो.

रात्रीचं शहर मला लई बरं वाटायचं, हे मी कुणाला सांगितलं नाही. घरी सगळं वाळलेलं, टँकरची वाट बघणारं. तिथं दुधाच्या गाड्यांतून सांडलेल्या पाण्याचे रस्त्यावर डाग. बेकरीच्या मागच्या दारातून पावाचा वास. पेपरचे गठ्ठे मोजणारी माणसं फुटपाथवर फतकल मारून बसलेली. झाडूवाल्या बायका, कोळसा उतरवणारे, बर्फाच्या लाद्या ओढणारे. सगळे एकमेकांना ओळखून होते, नावं कुणाला माहीत नव्हती. मला "बीड", बर्फवाल्याला "बर्फ". दिवसभर जे लोक त्या शहरात खातात पितात त्यांच्या ताटात काय पडायचं ते रात्री आम्ही ठरवून, ठेवून, उजाडायच्या आत निघून जायचो. कुणी आमचं तोंड बघितलं नाही. आता आमच्या वाडीची पोरं तिथंच मोटरसायकलवर पाठीला पेटी बांधून रात्री घरोघर जेवण पोचवतात. दारात उभं राहून गिऱ्हाइकाचं तोंड बघतात. कसं असतं म्हणून मी एकाला विचारलं. तो म्हणाला, "आजा, ते बी आपलं तोंड बघत न्हाईत. पिशवी बघत्यात."

माझ्या पानांनी काही निभलं, काही नाही. मोसम अर्ध्यावर आला आणि सोसायटीला पोस्टकार्ड आलं. शकूरभाईनं कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. माल भरवशाचा राहिला नाही, असाच राहिला तर आम्ही दुसरीकडून घेऊ. तिघांचे अंगठे होते खाली. चौदांपैकी तिघं गेले तर ट्रक परवडत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ट्रक बंद म्हणजे पाच वाड्यांची फळं डोंगरावरच सडणार.

आबांनी पत्र्याच्या खोलीत बैठक घेतली. पोस्टकार्ड वाचून दाखवलं, म्हणजे ओरडून दाखवलं. आणि म्हणाले, "गयाबाई, राग मानू नका, पन निवडीला दुसरी बाई बसवू. रंभा बसंल."

रंभा म्हणजे शेजारच्यांची सून. ओली बाळंतीण, म्हणून खडीवर जात नव्हती.

आमची उभी राहिली. बायका बैठकीत उभ्या राहून बोलत नसत. म्हणाली, "आबा, माझ्या करंडीत खोट काय निघाली ती दाखवा. कागद कावून दाखवता?"

आबांकडं दाखवायला काही नव्हतं. सगळे माझ्याकडं बघायला लागले, कारण मीच तेवढा पुण्यात जाणारा. मी म्हणलं, "चूक माझी हाय. करंड्या मीच इंजिनापाशी रचल्या. आता मागं रचतो."

आबा म्हणाले, "मग आधी बोलला न्हाईस कावून?"

ती माझ्याकडं बघत होती. मी कधी चूक कबूल करत नाही, हे तिच्याइतकं कुणाला माहीत. खाली बसताना ती एवढंच म्हणाली, "उद्याच्या खेपेला मी येते गाडीवर."

बाईमाणूस ट्रकवर, तेही रात्रीचं. आबा हो म्हणायच्या आधी दोनदा खाकरले.

ती केबिनमध्ये बसली, पदर घट्ट लपेटून, गुडघ्यावर भाकरीचं गाठोडं. नारायणगडाच्या जत्रेपलीकडं ती कुठं गेलेली नव्हती. बीड लागलं तेव्हा स्टँडवरचे दिवे बघून म्हणाली, "पुणं आलं का?" पुढं माझ्या डोक्यात एकच चाललेलं. ढाबा येणार. मागं चढून पानं बदलली तर ती बघणार. नाही बदलली तर शकूरभाई तिच्या तोंडावर बोलणार. ढाबा आला तेव्हा तिचं डोकं खिडकीला टेकलं होतं, डोळे मिटलेले. मी हळूच उतरलो. मागं चढलो. पहिली करंडी उघडली, पानं काढून खाली टाकली, फळ गालाला लावलं.

"किती दिस चाललंय हे?"

ती फाळक्यापाशी उभी होती. ढाब्याच्या कंदिलाचा उजेड तिच्या अर्ध्या तोंडावर. तो जालन्याचा नेमका त्याच वेळी ओरडला, "अरे, आज बायको संगं हाय आन तरी फळाचाच मुका!" कुणी हसलं नाही.

मी म्हणलं, "पंधरा-वीस दिस झाले."

ती वर चढली. एक फळ घेतलं, अंगठा टेकवला. मग दाबला. मग फळ गालाला लावलं, मी लावत होतो तसंच, आणि तशीच बराच वेळ राहिली. मला वाटलं रडतेय. रडत नव्हती. फळ खाली ठेवलं, मी काढलेली पानं तळातून शोधून परत सुतळीत खोवली. तीनच्या तीन.

"राहू द्या," म्हणाली. "माझीच पानं जाऊ द्या आज."

शहरात शिरलो. सगळीकडं दिव्यांच्या रांगा आणि रस्त्यावर चिटपाखरू नाही. ती म्हणाली, "एवढा उजेड कुणासाठी ठेवलाय? सगळे तर झोपलेत." त्या रात्रीचं तिचं शहराबद्दलचं बोलणं एवढंच. आधी मंडई घेतली. मी फाळक्यावर थापा मारल्या. हौसाआक्का उठून आली, सुतळी चाचपली, "तीन पानं," म्हणाली, आणि तिच्या आवाजातच कळलं की तिचा विश्वास नाही. तिनं वरचं फळ काढून हातात घोळवलं.

"बाई गं, हे परवाचं? हे आज दिवेलागणीपातूर जातंय."

"मी लावली ती पानं," आमची म्हणाली.

आक्कानं अंधारात तिच्याकडं बघितलं. मग एकदम तिचे हात धरले. "तूच होय गं ती!" असं म्हणता म्हणता तिची बोटं आमच्या हिच्या अंगठ्यावर थांबली. आक्कानं तो अंगठा चाचपला, सुतळी चाचपावी तसा. "हे काय करून घेतलंस गं लेकी?"

"खडी."

"मग हे फळ कसं कळंल तुला?"

"न्हाई कळत," आमची म्हणाली. "माझं चुकलं, आक्का. ही करंडी आजच इका."

तशीच ती चौदाही ठिकाणी उतरली. प्रत्येकाला झोपेतून उठवून, करंडी उघडून, त्यांच्या हातात फळ देऊन विचारत गेली, कधीचं वाटतं. त्यांचे हात चांगले होते, एरवी झोपेत एकेक फळ बघायला वेळ नसायचा एवढंच. ते सांगतील तशी ती पानं काढत, घालत गेली. शकूरभाईही उठून बसला. तो उगीच टोपी नीट करत म्हणाला, "भाभी, खत में ऐसा कुछ लिखना नहीं था. वो लिखनेवाले ने ज्यादा लिखा." ती म्हणाली, "बरोबर लिवलंय." त्या दिवशी आम्हाला निघायला उशीर झाला, शहराबाहेर पडेपर्यंत उजाडलं होतं, आणि पोलिसानं अडवून मला चांगलं ऐकवलं. तिनं ते सगळं खिडकीतून ऐकलं.

नगर मागं पडलं तेव्हा ती बोलली. "निवडीला रंभा बसंल. मी शिकवीन तिला."

मी म्हणलं, "खडी संपली की तुझा हात परत येईल."

"येईल न्हाई तर न्हाई. तुमी मला कावून सांगितलं न्हाई?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आता काय गोड वाटलं?" ती म्हणाली. "माझा अंगठा गेला तो दगडानं गेला. त्याचं मला काही न्हाई. पन मी रोज तिथं बसून पाच वाड्यांच्या बायकांना अक्कल शिकवीत व्हते, आन तुमी रातच्याला माझी पानं उपटून फेकीत व्हते. मी येडी व्हते, आन ते फकस्त तुमाला माहीत व्हतं. हे कसं वाटंल ते इचारलं का?"

मी विचारलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः रंभाला घेऊन पत्र्याच्या खोलीत गेली. आबा काही म्हणायच्या आत तिला आपल्या जागेवर बसवलं, बाळ स्वतःच्या मांडीवर घेतलं, आणि बाळाला थोपटत थोपटत सांगत राहिली. "दाबू नको. टेकव. त्याला सांगू दे, तू इचारू नको." रंभानं ते आठ दिवसांत उचललं. पोस्टकार्ड पुन्हा आलं नाही. ट्रक चालू राहिली. पुढच्या साली पाऊस बरा झाला, खडीचं काम बंद पडलं, तिच्या हाताचं कातडं हळूहळू निघून गेलं. पण निवडीला ती परत बसली नाही. कुणी म्हणलंही, स्वतः रंभाच म्हणाली, तुम्ही बसा. तिनं ऐकलं नाही. मी पुण्याहून आलो की विचारायची तेवढी, रंभाच्या पानांना काय म्हणाली आक्का. मी जे झालं ते सांगायचो. चांगलं तर चांगलं, वाईट तर वाईट. त्या मोसमानंतर मी तिच्यापासून काही लपवून ठेवलं नाही, आणि आमची भांडणं त्यामुळं वाढली, कमी झाली नाहीत.

मग गेल्या वर्षी उन्हाळ्यात तिचं पोट दुखायला लागलं. बीडच्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. डॉक्टरनं मला एकट्याला आत बोलावलं. गाठ आहे, पसरली आहे, आता फार दिवस नाहीत म्हणाला. भला माणूस होता. मला खुर्चीवर बसवून सांगितलं. वर म्हणाला, "आजींना सांगू नका, उगाच खचतील. घरच्यांपुरतं ठेवा." मुलगाही तेच म्हणाला. मी बाहेर आलो. ती बाकावर बसली होती, पिशवी मांडीवर. मी तिच्याशेजारी बसलो आणि डॉक्टरनं सांगितलं ते सगळं, एकही शब्द कमी न करता, सांगितलं.

तिनं पिशवीची गाठ घट्ट केली. मग म्हणाली, "मग हितं कावून बसलोय? साडेतीनची एसटी हाय."

मुलगा माझ्याशी महिनाभर बोलला नाही. त्याचं म्हणणं, मी सांगितलं नसतं तर तिचे शेवटचे दिवस सुखात गेले असते. गेले असते, कुणाला माहीत. पहिले दोन दिवस ती भिंतीकडं तोंड करून पडून होती, हे खरं आहे, आणि ते मी केलं हेही खरं आहे. तिसऱ्या दिवशी सकाळी उठली, खाटेवर बसली आणि मला म्हणाली, "परात घ्या. पीठ चाळा."

"कशाला?"

"मी गेल्यावर कुणाच्या दारात बसणार हाय भाकरीसाठी? शिका."

मी जन्मात परातीला हात लावला नव्हता. ती खाटेवरून सांगायची, पाणी कमी, मळा अजून, मळा म्हणलं की मळायचं. माझी भाकरी थापताना तुटायची. ती ओरडायची, "थापा म्हणलं, मारा न्हाई! तिनं काय घोडं मारलंय तुमचं?" पहिल्या दिवशी पाच तुटल्या. सहावी कशीबशी तव्यावर गेली, एका अंगाला जाड, एका अंगाला फाटलेली. मी ती ताटलीत घालून तिच्यापुढं ठेवली. तिनं तुकडा मोडला, तोंडात घातला, चावत राहिली.

"कच्ची हाय," म्हणाली.

आणि सगळी खाल्ली.